‘मटेरियल इज नॉट केम’ आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : भोसरीच्या एका लहान कारखान्यात मी हिशेब आणि खरेदी पाहते. शिक्षण साताऱ्याकडच्या गावात, मराठी शाळेत. बारा काळांचा तक्ता अजून पाठ आहे, ॲक्टिव्ह-पॅसिव्हही येतं. पण चेन्नईच्या सप्लायरचा फोन आला की माझं ततपप होतं. मेल लिहिला तर साहेब हसतात. आता व्याकरण पहिल्यापासून करू, की व्याकरण सोडून नुसतं बोलायला लागू? माझा एक मेल सोबत जोडते आहे.
– एक वाचक, दिघी

उत्तर : ताई, दोन्ही नको. ज्याला तक्ता पाठ आहे त्याने तो परत कशाला घोकायचा? आणि ‘व्याकरण विसरा, फाडफाड बोला’ अशी पाटी लावलेल्या क्लासात पैसे भरण्याआधी तुमचा मेल बघू. तो जोडलात हे फार बरं केलंत. एरवी लोक ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ एवढंच कळवतात. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणावं तसं.

तुम्ही लिहिलंय : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स एट इयर्स. मटेरियल इज नॉट केम. आय हॅव सेंट यू मेल यस्टरडे. प्लीज टेल व्हेन विल यू डिस्पॅच.’

या चुका तुमच्या एकटीच्या नाहीत. मी पुण्यातल्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवायचो. मंडईतल्या गाळ्यावरची पोरं असोत की हॉटेलात काम करणारी, वह्यांत हेच सापडायचं. चारही वाक्यं मराठीत बिनचूक आहेत, म्हणून तर ती हातून सहज उतरतात.

‘माल आलेला नाही’ यातल्या ‘नाही’चं तुम्ही ‘इज नॉट’ केलंत आणि ‘आलेला’च्या जागी ‘केम’ आणून बसवलंत. इंग्रजीत हे काम ‘हॅव’कडे आहे : ‘द मटेरियल हॅज नॉट कम.’ धंद्याच्या पत्रात त्याहून बरं, ‘वी हॅव नॉट रिसीव्ह्ड द मटेरियल.’

‘काल मेल पाठवला आहे’ आपल्याकडे खपतं. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’, ‘लास्ट मंडे’, ‘इन २०१९’ अशी होऊन गेलेली वेळ वाक्यात आली की या ‘हॅव’ने बाहेर पडायचं. ‘आय सेंट यू अ मेल यस्टरडे.’ वेळ सांगायचीच नसेल, तर ‘आय हॅव सेंट यू अ मेल’ अगदी बरोबर.

पहिल्या वाक्याचं दुखणं जरा खोल आहे. ‘आठ वर्षांपासून इथे काम करते’ असं म्हणून मराठी वर्तमानकाळावर मोकळी होते. इंग्रजीला ती मागची आठ वर्षं क्रियापदातही दिसावी लागतात : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर एट इयर्स.’ शिवाय ‘पासून’ दिसलं रे दिसलं की आपला हात ‘सिन्स’कडे जातो. ‘सिन्स’च्या पुढे सुरुवात कधी झाली ते येतं – ‘सिन्स २०१७’, ‘सिन्स दिवाळी’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’.

आता शेवटचं. ‘केव्हा पाठवणार?’ हा प्रश्न ‘केव्हा पाठवणार ते सांगा’ असा दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला तरी मराठीत शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत हलतात. सुटा असेल तर ‘व्हेन विल यू’, पोटात गेला की ‘व्हेन यू विल’. आणि ‘टेल’ला कुणाला, ‘डिस्पॅच’ला काय, हेही लागतं, आपण ते समजून घेतो, इंग्रजी घेत नाही. म्हणून : ‘प्लीज टेल अस व्हेन यू विल डिस्पॅच इट.’

माझं म्हणणं एवढंच, की तुमचं व्याकरणाचं पुस्तक म्हणजे तुमचे पाठवलेले मेल. गेल्या महिन्याचे काढा. चुका भारंभार दिसतील, पण जाती पाच-सहाच निघतील. त्या वहीत मांडा, दुरुस्त वाक्य शेजारी लिहा आणि ते मोठ्याने वाचा. माझा एक विद्यार्थी दिवसा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचा; इंग्रजी लग्नपत्रिका, हँडबिलं असलं काम. नियम विचारला की मान खाली. पण मी फळ्यावर मुद्दाम ‘द’ गाळला की पहिला हात त्याचा वर. प्रुफं तपासताना मूळ मजकूर मोठ्याने वाचायचं काम त्याच्याकडे होतं, तिथेच त्याचा कान तयार झाला.

फोनचं वेगळं. बोलताना चूक सुधारायला थांबू नका. सप्लायरला माल कुठे अडकलाय ते सांगायचं असतं, तुमचा काळ तपासायचा नसतो. फोन लावण्याआधी दोन-तीन वाक्यं चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा. ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ हे त्यातलं एक. साहेबांच्या हसण्याचं मनावर घेऊ नका. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तुमच्यासारखे पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेले लोक अर्ध्या एमआयडीसीत बसलेत. कदाचित साहेबही.

प्रश्न : सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो. इंग्रजी निबंधात अ, ॲन आणि द हमखास चुकतात. स्वर-व्यंजनाचा नियम माहीत आहे, तरी घोळ होतो.
– एक विद्यार्थी

उत्तर : घोळ होतो, कारण तुम्ही स्पेलिंग बघता. शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. म्हणून अभ्यासिकेत तुम्ही ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’ आणि शेजारच्या खुर्चीवरचा ‘अ यूपीएससी कँडिडेट’. तसंच ‘ॲन एलआयसी पॉलिसी’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘अ युनिव्हर्सिटी’, आणि लक्ष्मी रोड हा ‘अ वन-वे रोड’. फसवणारा शब्द वर्षाचा : आपण ‘इयर’ लिहितो, पण खरा उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ इयर’. कान मात्र ‘ॲन इअर’.

‘द’ला असा शॉर्टकट नाही. ऐकणाऱ्याला ‘कुठला?’ असं विचारायची गरज उरली नसेल, तर ‘द’. ‘आय बॉट अ स्कूटर’ म्हटल्यावर पुढच्या वाक्यात ती ‘द स्कूटर’ होते. नावांपैकी नद्यांना लागतो – द मुळा, द मुठा. पुणे, पर्वती, सिंहगड यांना नाही.

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला जातो आहे. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) वगैरे भारतीय इंग्रजी तिथे बोलू नका, असं जावई बजावतात. ते खरंच चूक आहे का?
– एक ज्येष्ठ वाचक, कर्वेनगर

उत्तर : ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या कोशात केव्हाच जाऊन बसलाय. चूक नाही, पण तिथल्या माणसाला कळेलच असं नाही, तेव्हा आधी ठरलेली आणि आता बदललेली, अशा दोन्ही वेळा सांगा. प्रत्येक वाक्यापुढे आपलं ‘ना?’ म्हणून जे ‘इजन्ट इट’ जोडतो, तेही कुणी मनावर घेणार नाही. सांभाळायचं ते एकच. मुलगा कुठल्या कॉलेजातून बाहेर पडला हे अभिमानाने सांगताना ‘ही पास्ड आऊट इन २०१५’ म्हणू नका. तिकडे त्याचा पहिला अर्थ शुद्ध हरपणे असा घेतात, आणि शेजारीण चहा ठेवून त्याच्या तब्येतीची चौकशी करेल. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.