‘हाय रिस्क’ आलाय, आता पुढे काय?

माझं वय २९, तेरावा आठवडा चालू आहे. डबल मार्कर या रक्ततपासणीत ‘हाय रिस्क १:१८०’ आलंय. सोनोग्राफीत एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी) १.४ मिमी, म्हणजे नॉर्मल. बाळाला डाउन सिंड्रोम आहे का? तीन दिवस घरात कुणी धड जेवलेलं नाही. (पुणे)

आधी जेवून घ्या. तुमच्यासारखाच रिपोर्ट आलेल्या १८० जणी एका हॉलमध्ये बसवल्या, तर त्यांतल्या १७९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसेल. बऱ्याच लॅब १:२५० वर रेघ ओढतात आणि रेघेच्या आतलं सगळं ‘हाय रिस्क’ म्हणून ठळक छापतात. त्या ठळक अक्षरांनी जेवढी झोप उडवली आहे, तेवढी आजारानंही नसेल.

डबल मार्कर ही चाळणी आहे, निदान नव्हे. एनआयपीटी हीसुद्धा चाळणीच, फक्त जाळी फार बारीक. तुमच्या रक्तात फिरणारा वारेचा डीएनए त्यात मोजतात. सुई फक्त तुमच्या हाताला, त्यामुळे बाळाला धोका नाही, आणि डाउन सिंड्रोमच्या शंभर केसेसपैकी सुमारे ९९ सापडतात. पण वार म्हणजे बाळ नव्हे. तुमच्या वयाला खोटा पॉझिटिव्हही येऊ शकतो, म्हणून एनआयपीटीच्या एकट्या कागदावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. खात्री होते ती अॅम्निओसेंटेसिसने. सोळाव्या आठवड्याच्या आसपास पोटातून सुईने थोडं गर्भजल काढतात. अनुभवी हातात गर्भ पडण्याचा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी असतो.

एनटी नॉर्मल आहे, म्हणून मी तुमच्या जागी आधी एनआयपीटी केली असती. एनटी ३.५ मिमी किंवा त्याहून जास्त असती, तर ‘त्यात वेळ घालवू नका’ असं सांगितलं असतं. कॅलेंडर मात्र समोर ठेवा: एनआयपीटीला आठ-दहा दिवस जातात, अॅम्नियोच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं.

आणि एक काम आज रात्रीच करा. नवऱ्यासोबत बसून बोला, ‘हो’ असं उत्तर आलं तर आपण काय करणार? हे बोलणं रिपोर्ट हातात आल्यावर फार अवघड जातं.

आम्ही दोघं सिकलसेलचे एएस पॅटर्न, म्हणजे वाहक आहोत. पहिला मुलगाही एएस. आता नववा आठवडा आहे. या वेळी तरी काळजी नाही ना? (चंद्रपूर)

काळजी तेवढीच आहे. दर खेपेला चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात: चारात एक एसएस (म्हणजे आजार असलेलं), दोन एएस, एक साधं. पहिल्या मुलाच्या चिठ्ठीचा या बाळाशी संबंध नाही.

तुमचे दोघांचे रिपोर्ट फक्त सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीचे असतील, तर आधी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करून घ्या. सोल्युबिलिटीत ‘एस’ आहे एवढंच कळतं, एएस की एसएस ते कळत नाही. बाळाची तपासणी अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन होते (सीव्हीएस). सोबत तुमचं दोघांचं रक्तही लागतं. म्हणजे जेनेटिक केंद्राची वेळ याच आठवड्यात घ्यायला हवी, बाराव्यात धावपळ नको.

रिपोर्ट ‘एसएस’ सांगेल, किती त्रास होईल ते सांगणार नाही. काही मुलांना वारंवार भरती करावं लागतं, काही हायड्रॉक्सियुरिया या औषधावर बरीच वर्षं बरी राहतात. तुमच्या भागात दोन्ही प्रकारची कुटुंबं सापडतील. निर्णयाआधी त्यांच्याशी बोला. बाळ ठेवायचं ठरलं, तर जन्मल्याबरोबर तपासणी, पेनिसिलिन आणि लसी यांची तयारी आधीपासून करता येते.

सून ३८ वर्षांची, आयव्हीएफने दिवस राहिलेत. ती म्हणते, ‘कुठलीच जेनेटिक टेस्ट नको.’ तिला कसं पटवू? (नाशिक)

काकू, पटवू नका. गर्भजलासारखी तपासणी करण्याआधी तिचे धोके समजावून, बाईला कळणाऱ्या भाषेत तिचीच लेखी संमती घ्यावी असा कायदा आहे. तिथे सासूच्या सहीची जागा नाही. इतक्या खटपटीने राहिलेल्या गर्भाच्या जवळपास सुई नको वाटणं मी समजू शकते. उत्तर काहीही आलं तरी बाळ वाढवायचंच असं तिने ठरवलं असेल, तर न तपासणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

एवढंच सुचवा: १८ ते २० आठवड्यांची, बाळाचे अवयव तपासणारी अॅनोमली सोनोग्राफी टाळू नकोस. तिथे सुई नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. तो आधी दिसला, तर बाळंतपण कुठल्या रुग्णालयात करायचं ते ठरवता येतं.

एनआयपीटीमध्ये मुलगा की मुलगी तेही कळतं म्हणे? (नाव-गाव नाही)

महाराष्ट्राने हे सांगण्यावर बंदी घालणारा कायदा केला १९८८ मध्ये, देशाच्या सहा वर्षं आधी. नाव-गाव का लिहिलं नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे.