गाडीच बोलते, मग ड्रायव्हर कशाला?

मागच्या अंकात मी 'फ्युचर जीपीएक्स सायबर फॉर्म्युला' या जपानी कार्टून मालिकेबद्दल जेमतेम दोन पॅराग्राफ लिहिले होते, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम गाड्यांनाच देऊन टाकलाय. ज्यांना स्वयंपाकाच्या शोवर वाचायचं होतं त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत कळ काढा.

मागचा अंक हुकला असेल तर थोडक्यात सांगते. सनराईज स्टुडिओची मालिका, १९९१ मध्ये जपानच्या टीव्हीवर आली, ३७ भाग, दिग्दर्शक मित्सुओ फुकुदा. गोष्ट घडते २०१५ मध्ये. चौदा वर्षांचा हायातो नावाचा पोरगा, त्याच्या वडिलांनी बनवलेली 'असुरादा' नावाची रेसिंग कार, तिच्यात बोलणारा कॉम्प्युटर. पहिल्याच भागात चोर मागे लागतात म्हणून पोरगा घाईघाईत गाडीत बसतो आणि गाडी त्यालाच आपला ड्रायव्हर म्हणून नोंदवून टाकते, मग दुसऱ्या कुणाला ती चालवताच येत नाही, म्हणजे झाली का पंचाईत!

प्रश्न: ताई, २०१५ येऊन गेलं की! तशी रेस खरंच कुठे झाली का? की नेहमीसारखं उडत्या गाड्यांचं आश्वासन?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

झाली, पण जरा उशिरा झाली आणि तू कल्पना करतोयस तशी तर अजिबात नाही झाली.

आधी एक गैरसमज काढते. मालिका बनत होती तेव्हा आपोआप चालणारी गाडी ही काही निव्वळ कल्पना नव्हती. जपानातच एका लॅबमध्ये १९७७ मध्ये कॅमेऱ्याने रस्ता बघत चालणारी गाडी केली होती, स्पीड ताशी ३० किलोमीटरपर्यंत. जर्मनीत अर्न्स्ट डिकमन्स नावाच्या प्रोफेसरने मर्सिडीजच्या एका व्हॅनमध्ये कॉम्प्युटर कोंबून ती ऐंशीच्या दशकात रिकाम्या हायवेवर नव्वदच्या पुढे पळवली होती. म्हणजे मालिकावाल्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षं पुढची तारीख टाकली तेव्हा त्यांना ती भरपूर वाटली असणार.

पुढे काय झालं ऐक. मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने मोहावी वाळवंटात ड्रायव्हरशिवायच्या गाड्यांची शर्यत ठेवली, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आणि बक्षीस दहा लाख डॉलर, आणि सगळ्यात पुढे गेलेली गाडी किती गेली तर बारा किलोमीटरच्या आतबाहेर! बक्षीस तसंच राहिलं. पण पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच गाड्यांनी अख्खा रस्ता पार केला आणि स्टॅनफर्डची 'स्टॅनली' सात तासांच्या आत पोचून पहिली आली. दीड वर्षात एवढी उडी! मला आजही ते वाचलं की अंगावर काटा येतो, कारण ही पोरं तुझ्यासारखीच होती, हातात लॅपटॉप आणि डोळ्यांवर झोप.

पण ती वाळवंटातली वाट होती, शेजारी गाडीला गाडी घासून पळायचं नव्हतं. खरी गंमत ट्रॅकवर आल्यावर झाली. २०२० मध्ये रोबोरेस नावाच्या स्पर्धेत एका टीमची गाडी स्टार्टला उभी होती, सिग्नल मिळाला, आणि ती सुटल्या सुटल्या उजवीकडे वळून थेट भिंतीत घुसली. नंतर कळलं की स्टिअरिंगला जो आकडा जायला हवा होता त्याजागी 'हा आकडाच नाही' अशी काहीतरी व्हॅल्यू गेली आणि चाकं एका बाजूला पूर्ण वळून तिथेच अडकली. तू कोडिंग करतोस ना, तुला लगेच कळेल. आमच्या घरी आईला दाखवलं तर ती म्हणाली, "काय गं, दारू प्यायली होती का गाडी?"

आणि एप्रिल २०२४ मध्ये अबू धाबीला यास मरिना ट्रॅकवर मोठी रेस झाली, आठ टीम, फायनलला चार गाड्या, एकाही गाडीत माणूस नाही. पुढची गाडी गरकन फिरली, पिवळा झेंडा लागला, पिवळ्या झेंड्यात ओव्हरटेक करायचं नाही हा नियम, मग मागून आलेल्या गाड्यांनी काय करावं, तर थांबून राहिल्या! नियम पाळला ना त्यांनी. शेवटी म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची टीम जिंकली. याच टीमने २०२१ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला पण बाजी मारली होती पण तिथे एकावेळी एकच गाडी ट्रॅकवर होती, सरासरी स्पीड ताशी २१८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बघ, कोडची चूक सोडली तर एकटी असली की मशीन वाऱ्यासारखी पळते, खरी गडबड होते ती शेजारी दुसरं कुणी आलं की. हे वाक्य लक्षात ठेव, खाली एका काकांच्या प्रश्नात परत लागणार आहे.

प्रश्न: माझी सहा वर्षांची मुलगी 'कार्स' सिनेमा रोज बघते आणि रोज विचारते, "आई, गाडी कोण चालवतंय?" काय सांगू?
— एक आई, ठाणे

सांगा की गाडीच गाडीला चालवते. त्यावर ती विचारेल मग दरवाजे कशाला आहेत, तर त्याचं उत्तर माझ्याकडे पण नाही. एक गंमत मात्र सांगा: त्यातल्या डॉक हडसन या म्हाताऱ्या गाडीचा आवाज पॉल न्यूमन या नटाचा आहे, आणि तो स्वतः खरा रेसर होता, १९७९ मध्ये फ्रान्सच्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये त्याची टीम दुसरी आली होती, तेव्हा त्याचं वय चोपन्न! तो आवाज इतका खरा का वाटतो ते त्यावरून समजा.

प्रश्न: 'रेडलाइन' हा जपानी कार्टून सिनेमा बघितला. दोन तास डोळे दुखले, पण परत बघावासा वाटतोय. हे सगळं हाताने काढलंय हे खरं का? आणि भाच्याला दाखवू का, तो नऊ वर्षांचा आहे.
— एक वाचक, नाशिक

भाच्याला अजिबात नको, त्यात मोठ्यांचेच दोन-चार सीन आहेत आणि मग बहिणीच्या शिव्या तुम्हाला खायला लागतील.

हाताने काढलंय हे खरं. मॅडहाऊस स्टुडिओ, दिग्दर्शक ताकेशी कोइके, सात वर्षं लागली आणि सुमारे एक लाख चित्रं काढली. जपानात थिएटरला लागला २०१० मध्ये, म्हणजे बाकी जग गाड्या कॉम्प्युटरवर बनवत होतं तेव्हा ही मंडळी पेन्सिल घेऊन बसलेली. स्पीड वाढला की हिरो जेपीची गाडी आणि त्याचा चेहरा पण ताणून लांब होतो बघा, ते कॉम्प्युटरला सांगून होत नाही असं नाही, पण हाताने काढताना कलाकार स्वतःच ती चूक मुद्दाम करतो आणि त्यातच मजा आहे.

पण मला त्यातला सगळ्यात आवडलेला मुद्दा वेगळा आहे. त्या सिनेमात बहुतेकांच्या गाड्यांना चाकंच राहिलेली नाहीत, सगळे हवेत, आणि आपला जेपी मात्र जुन्या चारचाकी ट्रान्स-अॅमवर अडून बसलाय. आणि त्याच्यासमोर चॅम्पियन कोण तर मशीनहेड, ज्याने आपलं शरीरच गाडीत बसवून टाकलंय! माणूस कुठे संपतो आणि बॉनेट कुठे सुरू होतं ते कळत नाही. म्हणजे बिनड्रायव्हरची गाडी नाही, तर ड्रायव्हरच गाडी झालाय असं उलटं प्रकरण. शेवट सांगत नाही, पण शेवटी शेवटी गाडी राहते का बघा.

प्रश्न: भारतात ड्रायव्हरलेस गाड्या कधी येणार?
— बरेच जण

नितीन गडकरींना विचारा. त्यांनी २०१७ मध्ये सांगितलं की येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांची नोकरी जाते, आणि २०२३ च्या डिसेंबरला नागपुरात परत तेच सांगितलं. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर मात्र २०२० च्या डिसेंबरपासून ड्रायव्हरशिवाय ट्रेन धावतीये, कारण रुळावर समोरून म्हैस येत नाही.

प्रश्न: मी एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होतो, आता रिटायर. नातवाने ते तुम्ही लिहिलेलं कार्टून दाखवलं. त्यात गाडीच पोराला सांगते कुठे वळ, कुठे ब्रेक मार. मग त्या पोराने केलं काय? आम्ही आयुष्य घातलं ते काय नुसतं स्टिअरिंग धरून बसण्यात?
— एक वाचक, कराड

काका, सगळ्यात आधी नमस्कार. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला.

तुम्ही विचारलंत तोच प्रश्न त्या मालिकेने स्वतःलाच विचारलाय. नातवाला सांगा, टीव्हीनंतर त्याचे पुढचे भाग व्हिडिओवर निघाले, त्यातला 'सागा' नावाचा १९९६-९७ चा, त्यात नागुमो नावाचा एक माणूस येतो. तो म्हणतो रेस मशीन जिंकते, माणूस नाही. आणि तो अशी गाडी बनवतो जिच्यात ड्रायव्हर म्हणजे फक्त एक पार्ट, क्लच प्लेट असते ना तसा, झिजला की बदला. असुरादा पण कॉम्प्युटरच आहे, पण ती पोराला सांगते आणि पोरगा कधी ऐकतो, कधी म्हणतो नाही, मी आत्ताच घुसणार. तेवढीच जागा त्या गोष्टीने माणसासाठी राखून ठेवली आहे. आणि चौदा वर्षांचाच पोरगा का घेतला असेल, कारण तो घाबरतो, गाडी घाबरत नाही. घाबरणारा कुणी नसेल तर आपण बघत कशाला बसू?

आणि हे कार्टूनपुरतं नाही हं. फॉर्म्युला वनमध्ये १९९२ ला विल्यम्स टीमची गाडी आली, तिचं सस्पेंशन कॉम्प्युटर सांभाळायचा, वळणावर गाडी कलायचीच नाही, नायजेल मॅन्सेलने त्या वर्षी सोळापैकी नऊ रेस मारल्या. बाकीच्यांनी बोंब मारली, आणि १९९४ ला हे सस्पेंशन, चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस सगळं बंद करून टाकलं. तुमच्या शेवटच्या बसमध्ये जे असेल ते जगातल्या सगळ्यात महाग गाड्यांना चालत नाही! त्यांच्या नियमात स्पष्टच आहे, ड्रायव्हरने गाडी एकट्याने आणि कुणाच्या मदतीशिवाय चालवायची. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर निको रॉसबर्ग या ड्रायव्हरचा गिअर अडकत होता, टीमने रेडिओवर सांगितलं की सातव्यात राहू नको, तर दहा सेकंदांचा दंड बसला आणि दुसरा आलेला माणूस तिसरा झाला. कानात सांगणारा माणूस होता तरी! मला तेव्हा तो नियम येडपटपणा वाटला होता, आणि त्याच महिन्यात त्यांनी तो सैल पण केला, पण त्यामागची भीती काय होती ते आता तुमच्या पत्रामुळे कळतंय.

आता माझं सांगते. मी पाचगणीहून वाईला कॉलेजला एसटीने जायचे, पसरणी घाटातून, रोज. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं म्हणून धडपड असायची. पावसाळ्यात धुकं इतकं की बोनेटच्या पुढे काही नाही. वळण यायच्या आधी ड्रायव्हर काकांचा हॉर्न, मग कान देऊन एक क्षण थांबणं, समोरून उत्तर आलं की गाडी दाबून घेणं, चढणाऱ्या गाडीला आधी वाट. आणि मला आठवतंय, एकदा समोरून भरलेला ट्रक आला, दोघंही वळणावरच अडकले, कुणालाच मागे घेता येईना, तेव्हा आमच्या काकांनी खिडकीतून नुसता हात बाहेर काढून तीन बोटं हलवली आणि तिकडच्याने मान डोलावली आणि दोन मिनिटांत दोन्ही गाड्या सुटल्या. काय ठरलं त्यांचं, मला आजही माहीत नाही.

वर त्या सांगलीच्या मुलाला लिहिलंय बघा, अबू धाबीला करोडोंच्या गाड्या एकमेकींमागे थांबून राहिल्या कारण नियमात 'पुढे काय' लिहिलेलं नव्हतं. तिथे तीन बोटं हलवणारं कुणी नव्हतं.

तेव्हा काका, एक विनंती आहे. त्या तीन बोटांचा अर्थ तुम्हाला नक्की माहीत असणार. पत्राने कळवा, पुढच्या अंकात छापते. आणि नातवाला 'सागा' दाखवा पण परीक्षा झाल्यावर, नाहीतर त्याची आई मलाच पत्र लिहील.