कोपरा दुमडलेलं पान कोणतं?

‘मुलगी पंधरा वर्षांची आहे. रात्र-रात्र जागून एक कादंबरी वाचते. त्यातला मुलगा घरी खोटं बोलतो, शाळा बुडवतो, एकदा स्वतःला इजाही करून घेतो. हे वाचून तिच्या डोक्यात भलतंसलतं आलं तर? पुस्तक काढून घेऊ का?’

थोड्याफार फरकानं हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. पुस्तक बदलतं, मुलाच्या जागी मुलगी येते, काळजी मात्र तीच असते. त्याचं उत्तर मी एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, कादंबरीचं नावही देत नाही. मुलीला आपण ‘धाकटी’ म्हणू.

आई आली तेव्हा पुस्तक तिच्या पर्समध्ये होतं. धाकटीच्या दप्तरात सापडलं, एका रात्रीत वाचून काढलं आणि सकाळी परत ठेवलंच नाही. तेव्हापासून मुलगी घरात कामापुरतं बोलत होती. आईनं एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘मॅडम, हे पान वाचा. हे लिहिणाऱ्याला मुलंबाळं आहेत की नाहीत?’ कादंबरीतला मुलगा बाथरूमचं दार लावून स्वतःच्या हाताला इजा करून घेतो, ते ते पान होतं.

एका घरात एका पुस्तकाबद्दल किती मतं असावीत! वडिलांनी चाळीसेक पानं वाचून ठेवून दिलं होतं. त्यांचं म्हणणं, ‘नुसती रडारड आहे. याला कमी काय आहे? वेळच्या वेळी कुणी खडसावलं असतं तर एवढी जाडी कादंबरी लिहावी लागली नसती.’ आत्या शिक्षिका. तिला पुस्तक आवडलं होतं, वर्गात वाचून घ्यावं इतकं आवडलं होतं, पण शेवट फार गुळगुळीत वाटला. सगळ्यात रंजक मत मोठ्या बहिणीचं. ताईनं ही कादंबरी सोळाव्या वर्षी वाचली तेव्हा ती उशाशी घेऊन झोपायची. धाकटीला तिनंच ती दिली होती. आता एकविसाव्या वर्षी पुन्हा वाचायला घेतली तर नायक सहन होईना. ‘किती स्वतःत बुडालेला आहे हा! त्याच्या मित्राचे वडील आजारी आहेत आणि हा स्वतःचंच घेऊन बसलाय.’ आपलं मत बदललं याचंच तिला वाईट वाटत होतं, जणू जुन्या मित्राला दगा दिला.

मूल एखादं पुस्तक घट्ट धरून बसलं असेल, तर मी ते वाचल्याशिवाय मुलाशी त्याबद्दल बोलत नाही. ही कादंबरी मला निम्मी आवडली. मधला भाग रेंगाळतो, वडिलांचं पात्र अगदीच कापून चिकटवल्यासारखं आहे. पण शाळेतले प्रसंग खरे आहेत, फार खरे. आणि ज्या पानानं आई हादरली होती, ते संयमानं लिहिलेलं आहे. तिथे कृतीचं वर्णन नाही, कसलंही कौतुक नाही, आणि पुढे तीन प्रकरणांनंतर तो मुलगा ही गोष्ट एका शिक्षकांना सांगतो.

हे मला महत्त्वाचं का वाटलं, ते सांगते, कारण आईची भीती पोकळ नव्हती. जर्मन लेखक गटेची, वेर्थर नावाच्या तरुणावरची कादंबरी 1774 साली आली. नायक शेवटी आत्महत्या करतो. तिच्या प्रभावाखाली तरुणांनी तसंच केल्याचं बोललं जाऊ लागलं आणि 1775 मध्ये लाइपझिग शहरात तिच्यावर बंदी आली. पुढे 1974 मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञानं, वर्तमानपत्रांत आत्महत्येच्या बातम्या ठळकपणे छापून आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण वाढतं, असं दाखवलं आणि त्याला ‘वेर्थर परिणाम’ हे नाव दिलं. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू पालकांच्या कानावर फारशी जात नाही. 2010 मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांना असं दिसलं की, संकटात सापडलेला माणूस त्यातून कसा सावरला, हे सांगणाऱ्या बातम्यांनंतर प्रमाण उलट कमी झालेलं होतं. मोझार्टच्या संगीतिकेत पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरी वाट दाखवतात. म्हणून या परिणामाला पापागेनोचं नाव मिळालं. हे दोन्ही अभ्यास बातम्यांचे आहेत, ते कादंबरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण पुस्तक हातात घेतल्यावर काय पाहायचं, हे त्यातून कळतं. इजा करण्याची रीत तपशिलात सांगितली आहे का? मरण हा बदला किंवा सुटका म्हणून रंगवलंय का? मदत मागण्याचं एखादं तरी दार उघडं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर ते पुस्तक आधीच खचलेल्या मुलाच्या हाती एकट्यानं वाचायला मी देणार नाही. ही कादंबरी तशी नव्हती.

धाकटीला मी एकटीला भेटले. पुस्तकाकडे वळण्याआधी मी तिला सरळ विचारलं, ‘तुला कधी स्वतःला इजा करावीशी वाटते का? मरावंसं वाटतं का?’ असं विचारलं तर नसलेला विचार मुलांच्या मनात शिरेल, असं अनेक मोठ्यांना वाटतं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांमधल्या दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली होती. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल थेट प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. ज्यांना विचारलं त्यांचा ताण वाढला नाही, तसे विचारही वाढले नाहीत. आधीपासून खचलेल्यांना तर विचारल्यानं थोडं बरंच वाटलेलं दिसलं. तेव्हा विचारायला कचरू नका.

धाकटी म्हणाली, ‘मरावंसं नाही वाटत. मधल्या सुट्टीत गायब व्हावंसं वाटतं.’

मी ‘गायब म्हणजे कसं?’ असं खोदून विचारलं. शाळा सुटेपर्यंत कुणाला दिसू नये, इतकंच. कुठे जायचा बेत नाही, कशाची तयारी नाही, झोप आणि जेवण ठीक. मग मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, ‘यातलं तू परत परत वाचलेलं पान काढून दाखव.’ तिला शोधावं लागलं नाही. कोपरा इतक्यांदा दुमडला होता की तिथला कागद मऊ पडला होता.

आई ज्या पानानं घाबरली होती, ते हे नव्हतंच. या पानावर फारसं काही घडत नाही. मधली सुट्टी आहे. नायक सूचनाफलकासमोर उभा राहून गेल्या महिन्याची सहलीची सूचना वाचतोय. ती त्याला पाठ आहे. पण वाचत उभं राहिलं की एकटं दिसत नाही, कामात दिसतं. मागून मुलांचा घोळका हसत गेला की तो आणखी जवळ जाऊन वाचतो.

‘मी बाटली भरायला जाते,’ धाकटी म्हणाली. ‘नळापाशी रांग असते. माझा नंबर आला की मी मागच्या मुलीला पुढे जाऊ देते. सुट्टी संपेपर्यंत.’

तिच्या चौघींच्या गटानं काही महिन्यांपूर्वी तिला हळूच बाजूला केलं होतं. भांडण नाही, कारण नाही. जागा धरणं बंद झालं, मग हाका बंद झाल्या. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं, असं तिला वाटत होतं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तक्रार तरी कशाची करायची?

आता वडिलांना या पुस्तकात नुसती रडारड का दिसली, ते पाहू. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञानं 1967 मध्ये किशोरवयाच्या दोन खुणा सांगितल्या. एक म्हणजे काल्पनिक प्रेक्षक: सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं सतत वाटणं. दुसरी म्हणजे आपलं दुःख जगावेगळं आहे, ते दुसऱ्या कुणाला कळणं शक्यच नाही, ही पक्की समजूत. नळाच्या रांगेत उभ्या असलेल्या धाकटीकडे प्रत्यक्षात कुणी बघत नसेलही. तिला मात्र अख्खं मैदान बघत होतं. आणि असं आपणच करतो, बाकी कुणी नाही, अशी तिची खात्री होती. त्या पानानं ही खात्री मोडली. कुणीतरी हे केलंय, कुणीतरी बसून ते लिहिलंय, आणि लिहिताना तिला हसलेलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला याची गरज उरलेली नसते. त्याच्या नजरेत आधी घर भरतं, फी भरते, मुलाची नाटकं भरतात. त्याचं वाचनही प्रामाणिकच आहे, फक्त ते बापाच्या खुर्चीत बसून केलेलं आहे. साहित्याच्या अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी 1938 सालीच मांडलं होतं की, वाचणारा आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीतून अर्थ तयार होतो. ताईचं मत बदललं, त्यात दगा कसला? ती पाच वर्षांनी मोठी झाली होती. तिला तसं मी सांगितलंही.

प्रत्येक किशोराला अशी कादंबरी भावेलच, असंही नाही. दुसऱ्या एका मुलाला हेच पुस्तक शाळेतून नेमलं होतं. त्यानं ते मनापासून झिडकारलं. ‘त्याला दार लावून बसायला निदान स्वतःची खोली आहे,’ एवढंच तो म्हणाला. त्याच्या घराबद्दल त्या एका वाक्यानं मला जे कळलं, ते आधीच्या भेटींमध्ये कळलं नव्हतं. बालसाहित्याच्या अभ्यासक रूडिन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये म्हटलं होतं की, पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी. या मुलाला ती परक्याच्या घराची खिडकी होती आणि आत बघून त्याला राग आला. तो राग मला फार उपयोगी पडला.

आईशी काय बोलायचं, हे मी धाकटीला विचारूनच ठरवलं. नळाचं ती स्वतः सांगणार होती, ‘पण एकदम नाही’. म्हणून पुढच्या भेटीत मी दोघींना एकेक पान निवडून आणायला सांगितलं. इजेचं पान आणायचं नाही, एवढीच अट. आईनं आणलेलं पान माझ्याही नजरेतून निसटलं होतं. नायकाची आई जेवणाचं ताट घेऊन त्याच्या बंद दाराशी येते, जरा वेळ थांबते, आणि काही न बोलता परत जाते.

आई म्हणाली, ‘एवढी बावळट आई दाखवायला नको होती. दार ठोठवायचं ना!’

धाकटी पुस्तकाकडे बघत म्हणाली, ‘मला नाही ती बावळट वाटली. त्याला कळतं की ती उभी आहे. पावलं ऐकू येतात, असं लिहिलंय ना खाली.’

आईनं ते वाक्य शोधलं. दोनदा वाचलं. मग तिनं विचारलं, ‘मी उभी असते तेव्हा तुला कळतं?’ धाकटीनं मान हलवली. नळाच्या रांगेची गोष्ट त्याच दिवशी घरी जाताना सांगून झाली. त्यात माझा काही हात नव्हता.

वडिलांनी मत बदललं नाही आणि मीही त्यांना तसं करायला सांगितलं नाही. मुलीला खूश करायला पुस्तकाची खोटी स्तुती केली असती तर तिला ते लगेच कळलं असतं. ‘आवडलं नाही तर का नाही, ते तिला नीट सांगा, आणि पुस्तक पूर्ण वाचून सांगा,’ असं मी म्हटलं. त्यांनी वाचलं. नायकानं सरळ जाऊन मित्रांना जाब विचारायला हवा होता, असं ते ठासून म्हणाले. ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं, त्याला ते सुचलं नसेल?’ असं म्हणून ती जी सुटली, ती बराच वेळ थांबली नाही. जाब विचारला की काय होतं, कोण कसं हसतं, नंतर गटात कोणता मेसेज फिरतो, सगळं तिनं ‘तो’ म्हणून सांगितलं. वडील ऐकत राहिले. ‘मी’ म्हणायची वेळ आली नाही म्हणूनच ती एवढं बोलू शकली. म्हणून पालकांना माझा आग्रह असतो की, पात्राबद्दल बोलत असाल तर पात्रापाशीच थांबा. ‘तुझंही असंच होतं का?’ असं मध्येच विचारलंत की दार बंद.

याला अपवाद एकच. अंगावर जखमा किंवा व्रण दिसले, मूल लांब बाह्या सोडायला तयार नसेल, झोप-भूक उडाली असेल, जवळच्या वस्तू वाटून टाकत असेल, मरणाबद्दल बोलत असेल किंवा एवढ्या कादंबरीतून फक्त इजेचंच पान घोकत असेल, तर आडवळणं नकोत. सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. त्या वेळी पुस्तक चांगलं की वाईट, हा वाद गैरलागू आहे.

एरवी माझं उत्तर असं: आधी स्वतः वाचा, पूर्ण वाचा. काढून घेतलं असेल तर परत द्या, आणि देताना ‘मी वाचलं, मला अमुक पान आवडलं नाही’ हे खरंखरं सांगा. मग तिचं पान कोणतं, ते विचारा. उत्तर लगेच मिळेल असं नाही. धाकटीच्या आईला पुस्तक परत दिल्यावर चार दिवस नुसतं ‘हं’ ऐकावं लागलं होतं.

तो गट धाकटीला परत मिळाला नाही. मधल्या सुट्टीत आता ती दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीबरोबर बसते, काही दिवस अजूनही बाटली भरायला जाते. आमच्या भेटी चालू आहेत.