टायर बदलणाऱ्यांना 'वगैरे'

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोफेशनल मोटर रेसिंगमध्ये काम करणं खरंच कसं असतं? टायर बदलणाऱ्यांना वगैरे चांगला पगार मिळतो का?"

या 'वगैरे'मध्ये मी साडेचार वर्षं काढली आहेत, म्हणून लिहायला बसलो. वयाने बराच लहान असशील, अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी ते टायरचं मिटवू. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने १.८० सेकंदांत चारही चाकं बदलली. तसले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं, ही माणसं तेवढ्यासाठीच पाळलेली आहेत. अरे, ते मेकॅनिक असतात. रात्री गिअरबॉक्स उतरवणारा माणूस दुपारी चाक धरून उभा असतो, एवढंच. आणि आपल्याकडच्या सिंगल सीटर शर्यतींत टायर बदलायला कोणी थांबतच नाही. वीस-पंचवीस मिनिटांत खेळ आटोपतो. त्यामागचं काम मात्र आठवडाभर चालू असतं, आणि ते टीव्हीवर दिसत नाही.

मी डिप्लोमावाला. वडील भोसरीत लेथवर, दादा चाकणला एका कारखान्यात कायम झालेला. मी २०१२ मध्ये कोइमतूरला एका संघात गेलो तेव्हा घरी पाहुण्यांना सांगायचे, "धाकटा गाड्या पुसायला गेलाय." महिना अकरा हजार, झोपायला वर्कशॉपवरची खोली, शर्यतीच्या आठवड्यात जेवण संघाचं. सीझन नसला की पगार 'पुढच्या महिन्यात'. झाला तुझ्या पगाराचा प्रश्न.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट वाच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी संघ ड्रायव्हरला पैसे देत नाही, ड्रायव्हर संघाला देतो. म्हणजे ड्रायव्हरचे वडील देतात. त्यामुळे गॅरेजमध्ये गिऱ्हाईक उभं असतं, आणि ते हेल्मेट घालत नाही.

शनिवार होता. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक. क्वालिफायिंगला, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीत, आमचा पोरगा कर्बवरून (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) जरा जोरात उडाला. गाडी आत आली, पळत होती, वेळही बरी लागली होती. सगळे खूश. रात्री चाक काढून पुसताना (हो, पुसतानाच, गाडी पुसतात ती चमकायला नाही, तडे दिसायला) पुढच्या डाव्या खालच्या विशबोनवर, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या आर्मवर, वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ दिसली. डीपी टेस्ट केली, म्हणजे तड्यात रंग मुरवून तो शोधायची चाचणी. लाल फवारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, वर पांढरा फवारा. पांढऱ्यावर लाल रेघ उठली. नखाएवढी.

मॅनेजर आला, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाला, "अंडरकट आहे. वेल्डच्या खाचेत डाय अडकतो. दहा लॅप्सचं तर आहे." तेही खोटं नाही बरं का, अंडरकट म्हणजे वेल्डच्या कडेला राहिलेली खाच, तडा नव्हे, आणि तिच्यात डाय अडकून अशी रेघ येते. मी म्हटलं, "मग तुम्ही लावा, मी लावणार नाही." स्पेअर नव्हता, आमचा स्पेअर आदल्या महिन्यातच वाकला होता आणि नव्याचे पैसे कोणी द्यायचे यावर ड्रायव्हरच्या वडिलांशी पत्रव्यवहार चालू होता.

रात्री साडेअकराला मी शेजारच्या गॅरेजमध्ये गेलो. चॅम्पियनशिपमध्ये ते आमच्या पुढे होते. तिथला हेड मेकॅनिक, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो, खाटेवर आडवा झाला होता. माझं तमिळ म्हणजे 'सापडू' आणि 'तन्नी', जेवण आणि पाणी. हातात तो आर्म धरून उभा राहिलो. त्याने रेघ बघितली, एक शब्द बोलला नाही, उठला आणि त्यांचा स्पेअर काढून दिला. रेसिंगमध्ये काम करणं कसं असतं, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे खरं तर.

पण आर्म बदलला की सगळं सेटिंग गेलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना धागे ताणून टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, मोजायचा, स्टीलच्या पट्टीने, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. मग कॅम्बर, चाकाचा उभा कल. मग चार काट्यांवर चार चाकं ठेवून वजन. जमीन सपाट नव्हती, तर काट्यांखाली फरशीचे तुकडे सरकवून लेव्हल केली. ड्रायव्हर हॉटेलात झोपलेला, म्हणून सीटवर बासष्ट किलो वाळूच्या पिशव्या. पहाटे चार वाजले. डाव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजते ती त्या रात्रीची नाही, साडेचार वर्षांची आहे. इअरप्लग घालायचे असतात हे मला उशिरा कळलं.

रविवारी पोरगा सातवा आला. काही मोडलं नाही, कोणाला लागलं नाही. वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "कालची गाडी चांगली होती. तुम्ही रात्री बिघडवलीत." आणि मॅनेजर, ज्याने पांढऱ्यावरची लाल रेघ स्वतः बघितली होती, तो म्हणाला, "नवा मुलगा आहे सर, घाबरला." नवा! तिसरं वर्ष होतं माझं.

या धंद्याची अडचण ही आहे. तू काम बरोबर केलंस तर काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही ते दाखवणार कसं? म्हणून लिहून ठेवायचं. बोल्ट आवळला की रंगाची खूण कर, फोटो काढ, वहीत वेळ टाक, आणि 'दहा लॅप्सचं तर आहे' म्हणणाऱ्याची खाली सही घे. सही मागितलीस की नव्वद टक्के लोकांना अंडरकट दिसायचं बंद होतं. मी ती सही घेतली नाही. घ्यायला हवी होती.

असो. कॉलेजात असशील तर तुमच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनीच रेसिंग गाडी बनवायच्या स्पर्धेच्या, टीममध्ये घूस. डिझाइनमध्ये नाही, असेंब्लीत. तिची आपल्याकडची स्पर्धा, फॉर्म्युला भारत, करीवरच होते, ट्रॅकही बघून होईल. मार्शल म्हणून नाव दे, ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे, सुरक्षा बघणारे ते मार्शल. मी २०११ ला ग्रेटर नोएडात एफ-वन बघायला गेलो होतो. शुक्रवारी सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं, सत्र थांबवावं लागलं, लोक हसत होते. मी मात्र पहिल्यांदा मार्शलकडे बघितलं. ती शर्यत तीन वर्षं झाली, तिन्ही वेट्टेल जिंकला, आणि मग करांच्या भानगडीत गेली, कारण उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी ती खेळ नव्हती, करमणूक होती. तेव्हा भारतात राहून एफ-वनमध्ये काम, हा विषय सोड. ते काम जास्त करून इंग्लंडात आहे, आणि तिथेही बहुतेक लोक कारखान्यात बसतात. गाडीवर काम करायला ट्रॅकवर संघागणिक साठेकच माणसांना परवानगी असते.

हे सगळं दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे, आता पगार बरे झाले असतील. सगळे मॅनेजर तसे नसतात. नंतरचा माझा फार चांगला होता. आणि त्या पोराचा काही दोष नव्हता, सतरा वर्षांचा होता, त्याला त्या रात्रीचं काही माहीतही नसेल.

तो आर्म मी घेऊन आलो. भोसरीत माझी सस्पेन्शनच्या कामाची शेड आहे, तिथे खुंटीला टांगलाय. वेल्डपाशी कापून बघितला तर लगेच कळेल, तडा आत गेला होता की नुसता अंडरकट. गेल्या दिवाळीत दादा शेडवर आला होता. म्हणाला, "हॅकसॉ कुठाय? पाच मिनिटांचं काम आहे, एकदाचा सोक्षमोक्ष लाव." मी म्हटलं, आधी चहा घे.