नेब्रास्कातलं होमस्टेड पार्क मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का?

नक्की जा. लिंकनहून गाडीने तासाभरावर, बीट्रिसजवळ आहे, प्रवेश मोफत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळायचे. अगदी सुरुवातीच्या दावेदारांपैकी डॅनियल फ्रीमनची जमीन ती हीच.

आधी १८६७ ची पामर-एपर्ड केबिन बघा. १४ बाय १६ फुटांचं लाकडी घर, त्यात नवरा-बायको आणि दहा मुलं! आत उभं राहिलं की ही ‘फुकट’ जमीन केवढ्याला पडली ते कळतं. या वसाहतकऱ्यांच्या आधी इथे ओटो-मिसूरिया हे मूळ अमेरिकी लोक राहत होते, ती माहितीही आवर्जून वाचा. प्रेअरीतल्या, म्हणजे गवताळ मैदानातल्या, पायवाटांसाठी सप्टेंबर उत्तम, गवत डोक्याच्या वर जातं. गोचीड असतात, फुल पँट घालाच.