पश्चिमेची काच आणि कडेवरची वीट

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची नवी विज्ञान इमारत 'ग्रीन' करायची आहे. आराखड्यात रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू पूर्ण काचेची आहे. काच दुहेरी असल्यानं ऊन लागणार नाही, असं आर्किटेक्ट म्हणतात. खरं का? (बांधकाम समिती सदस्य, सांगली)

लागेल. साध्या दुहेरी काचेतून थेट ऊन बरंचसं आत येतंच. गडद लेपाची घेतलीत तर भर दुपारी वर्गात ट्यूबलाइट लावाल. छज्जा काढू म्हणाल, तर एप्रिलात संध्याकाळी साडेपाचला सध्याच्या इमारतीच्या पश्चिम भिंतीशी उभे राहा. दोन फुटी छज्ज्याची सावली वीतभरही खाली उतरलेली नसते, कारण सूर्य समोरून येतो. तोच छज्जा दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर असेल, तर मार्च ते सप्टेंबर ऊन जवळपास आत येत नाही. उत्तरेला छज्जा लागतच नाही, हाही एक गैरसमज. सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य माध्यान्हीला डोक्याच्या उत्तरेला असतो. तिथं छोटा का होईना, छज्जा हवाच.

म्हणून वर्ग आणि प्रयोगशाळांच्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला ठेवा. जिने, स्वच्छतागृहं, स्टोअर पश्चिमेला ढकला. रस्त्याकडून देखणं दिसायला हवं असेल तर जाळी लावा. हे सगळं कागदावर असतानाच बदलता येतं आणि त्याला जादा पैसाही फारसा लागत नाही. सोलर पॅनेल नंतर कधीही बसवता येतात. इमारत काही फिरवता येत नाही.

प्रश्न : 'ग्रिहा' घ्यावं की 'आयजीबीसी'? (कुलसचिव कार्यालय, विदर्भ)

दोन्ही हरित इमारतींना गुण मोजून मानांकन देणाऱ्या पद्धती. कोणतंही घ्या, पण नोंदणी डिझाइन सुरू होतानाच करा. इमारत उभी राहिल्यावर गुण गोळा करायला निघालात, तर हातात फक्त नळाच्या तोट्या आणि एलईडी दिवे उरतात.

प्रश्न : वसतिगृहासाठी रॅट-ट्रॅप पद्धतीची भिंत सुचवली, तर गवंडी 'पोकळ भिंत टिकत नाही' म्हणतात. (साइट इंजिनिअर, सातारा)

तिरुवनंतपुरमला वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी सत्तरच्या दशकात उभारलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं संकुल त्यांना फोटोत दाखवा. ते आजही वापरात आहे. रॅट-ट्रॅप पद्धतीत वीट सपाट न ठेवता कडेवर उभी करतात. तीन इंच वीट, तीन इंच पोकळी, पुन्हा तीन इंच वीट. भिंत नऊ इंचाचीच राहते. विटा सुमारे 25 टक्के वाचतात, मसालाही कमी लागतो, आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

तरी गवंड्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. आपल्याकडच्या भट्टीच्या विटा एका मापाच्या नसतात, आणि या बांधकामात पाव इंचाचा फरकही लपत नाही. माझ्या एका साइटवर पहिल्या दिवशी मसाला पोकळीत पडून ती निम्मी भरली होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच तीन इंची लाकडी पट्टी पोकळीवर ठेवून मसाला लावायला सुरुवात केली, मग काम सरळ झालं. तळाचा थर, खिडकीखालचा थर आणि चौकटीच्या बाजू भरीव ठेवा. विजेच्या पाइपांच्या जागा आधी ठरवा, नाहीतर इलेक्ट्रिशियन छिन्नी घेऊन भिंतीवर तुटून पडतो. इमारतीचा भार आरसीसी खांब-तुळयांवर असेल तर काळजी कमी. भिंतीवरच भार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. आणि आधी दहा फुटांची नमुना भिंत बांधून घ्या.

प्रश्न : कॉलेजची जुनी दगडी इमारत पाडून तिथं हरित इमारत बांधणार आहेत. हे योग्य आहे का? (विद्यार्थिनी, पुणे)

माझ्या मते नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. तुमच्या इमारतीत जो कार्बन खर्च व्हायचा तो कधीच झालाय, आणि दीड-दोन फुटी दगडी भिंत दुपारचं ऊन अजूनही फुकटात थोपवते. आधी डागडुजीचा अंदाज मागा. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरू देऊ नका. जुन्या चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमुळं ती आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. प्लिंथजवळ, म्हणजे जोत्याजवळ, तसे पापुद्रे दिसत असतील, तर आधी कुणीतरी ही चूक करून गेलंय. ते सिमेंट हलक्या हातानं खरवडून चुन्याचं पॉइंटिंग करून, म्हणजे सांधे चुन्यानं भरून घ्या.