मृत्यूचं कार्ड निघालं, आता बाबांचं काय?

टॅरोमध्ये, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांमध्ये, मृत्यूचं कार्ड निघालं की घरातलं कुणी जातं का, असं विचारत वडोदऱ्यात माझ्याकडे बऱ्याच जणी येतात. उत्तर सरळ आहे: नाही. कार्डाला तुमच्या घरातलं काही ठाऊक नसतं. पण एवढं ऐकून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही, म्हणून एकीची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

तिचं माहेर दांडिया बाजारात. आई गेल्यापासून वडील तिथे एकटे, त्यात हृदयाचं दुखणं; भाऊ पुण्याला. ही मकरपुऱ्यात नोकरी करते, संध्याकाळी वडिलांकडे डोकावून मग सासरी. सकाळी एक कार्ड काढायची सवय मैत्रिणीमुळे लागलेली. एक दिवस मृत्यूचं निघालं. तिने ते परत घालून दुसरं काढलं, मग मोबाइलच्या ॲपवर पाहिलं, मग ऑरॅकल कार्डांच्या, म्हणजे भविष्य पाहायच्याच दुसऱ्या प्रकारच्या पत्त्यांच्या, संचातून. आत्या म्हणाली, "असलं काही घरात ठेवूच नये." तेव्हापासून वडिलांना तासातासाला फोन.

मी तिला सांगितलं, ही ७८ कार्डं मुळात १५व्या शतकात इटलीत खेळायला निघाली. भविष्य सांगायला त्यांचा वापर फोफावला तो १८व्या शतकात, फ्रान्समध्ये. तिच्याकडची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, १९०९ सालची. त्यात घोड्यावर सांगाडा आहे, तसा मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्यही आहे. या कार्डाचा रूढ अर्थ बदल, काहीतरी संपणं असा घेतात. तिला पटलं. फोन मात्र थांबले नाहीत.

थांबणार कसे? पुन्हा कार्ड काढलं की घटकाभर हायसं वाटतं, आणि तेवढ्याच सुटकेसाठी मन परत तिथे ओढतं. कुलूप लावलंय हे ठाऊक असूनही माणूस जिन्यावरून माघारी येतो, तसंच हे. माझ्या मते कार्डांमध्ये धोका कुठे असेल तर तो या दुसऱ्यांदा काढण्यात आहे.

मग आम्ही ठरवलं: दिवसाला एकच कार्ड, ॲप बंद. "काय होणार?" हा प्रश्न विचारायचा नाही, "आज मला कशाचं ओझं वाटतंय?" हा विचारायचा. कार्डांच्या अर्थांची पुस्तिका न उघडता चित्रात दिसेल ते वहीत उतरवायचं.

पुढच्या खेपेला तिने दहा काठ्यांचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. एक माणूस काठ्यांचा भारा कवटाळून वाकून चाललाय. "ताई, याने सगळ्या काठ्या तोंडासमोरच धरल्यात. समोर गाव आहे, पण याला दिसत असेल का? आणि मदतीला दुसरं माणूसच नाही." मग म्हणाली, "बाबांना काही झालं तर सगळे मलाच विचारतील. दादाला मी कधी काही सांगितलंच नाही."

खरी भीती ही होती. तिने भावाला फोन केला, रिपोर्टचे फोटो पाठवले. पुढच्या तपासणीला तोच आला. घराची एक किल्ली आता शेजारच्या काकूंकडे असते. वडिलांना फोन दिवसातून दोनदा.

कार्डं ती अजून काढते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. मात्र झोप उडाली असेल, कार्ड काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नसेल, तर संच बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि औषधगोळ्यांचं विचारायचं ते डॉक्टरांनाच.